दसऱ्यानंतर गावात नसलेले रुग्ण

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी एकोणतीस वर्षे शिकवते आहे. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारावरील एका दीर्घ मुदतीच्या अभ्यासात सहभागी म्हणून माझे नाव नोंदवले गेले, त्या नोंदणीच्या आधीपासून पुढच्या दीड वर्षापर्यंत मी जे पाहिले ते येथे लिहीत आहे. अभ्यास कोणत्या रुग्णालयात झाला हे सांगत नाही, कारण तेथील माणसे प्रामाणिकपणे आणि कष्टाने काम करीत होती आणि जी उणीव मला दिसली ती एकट्या त्या रुग्णालयाची आहे असे मला वाटत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या पायांवर सूज दिसू लागली. मधुमेह नऊ वर्षांपासून होताच, रक्तदाबाची गोळीही चालू होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा घटक, १.६ निघाले आणि त्यांनी मला मूत्रपिंडविकारतज्ज्ञांकडे पाठवले. ते रुग्णालय आमच्या गावापासून एसटीने साडेतीन तासांवर आहे. मी जाणार असल्याचे कळल्यावर माझ्या चौथीच्या वर्गातील एका मुलाची आई आदल्या संध्याकाळी घरी आली. आरोग्य उपकेंद्रात तिचा रक्तदाब फार वाढलेला आढळला होता, लघवीला फेस येत होता, आणि एकटीने एवढ्या मोठ्या दवाखान्यात जाण्याचा तिला धीर होत नव्हता. त्या वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले होते, त्यामुळे भाड्याचा प्रश्न तरी आला नाही. दोघी बरोबरच गेलो.

तिचे वय आधार कार्डाप्रमाणे बेचाळीस आणि क्रिएटिनिन १.३. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा त्या आकड्याने जेमतेम ओलांडली होती, त्यामुळे मला तिच्याविषयी विशेष काळजी वाटली नाही. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी मात्र आम्हा दोघींना समोर बसवून समजावून सांगितले, ते मला फार मोलाचे वाटले. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते; ज्याच्या अंगावर मांस कमी त्याच्या रक्तात ते मुळातच कमी असते. म्हणून नुसता आकडा न पाहता वय आणि लिंग धरून मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त गाळतात याचा अंदाज एका सूत्राने काढतात. त्यालाच जीएफआर म्हणतात. बेचाळीस वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.३ असेल तर हा अंदाज सत्तरच्या आसपास येतो. त्याच वयाच्या बाईचा तोच आकडा असेल तर त्रेपन्नच्या आसपास. माझा जीएफआर अडतीस निघाला. आजार जुनाट आहे असे म्हणण्यासाठी हा बिघाड किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो, म्हणून दोघींनी नोव्हेंबरमध्ये पुन्हा रक्त आणि लघवी तपासून घ्यावी, असे त्यांनी लिहून दिले. शेजारच्या टेबलावर अभ्यासाच्या समन्वयक बाई बसल्या होत्या. संभाव्य सहभागींच्या यादीत त्यांनी आमची दोघींची नावे घेतली.

दिवाळीची सुट्टी संपता संपता, नोव्हेंबरच्या शेवटी, मी एकटीच गेले. त्या मुलाची आई तेव्हा सांगली जिल्ह्यात उसाच्या फडावर होती. दसरा झाला की आमच्या भागातून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत आजारपणासाठी चार दिवस घरी येणे ही सोपी गोष्ट नसते. साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की पाडव्याच्या पुढेमागे, कधी वैशाखात, माणसे परततात. तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्याचा नियम वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य आहे, कारण जुलाबाने किंवा तापाने बिघडलेली मूत्रपिंडे पुष्कळदा आपोआप सुधारतात आणि अशा माणसाला जुनाट रुग्ण ठरवणे चूक होईल. परंतु ऑगस्टमध्ये आजार सापडलेल्या ऊसतोड कामगाराचे तीन महिने कोठे पूर्ण होतात, हे त्या नियमाला माहीत नसते. समन्वयक बाईंनी तिच्या क्रमांकावर दोनदा फोन लावला. तो बंद होता.

माझी नोंदणी त्या दिवशी झाली. माहितीपत्रक बारा पानांचे होते. माझ्यासारख्या शिक्षिकेलाही काही वाक्ये दोनदा वाचावी लागली, विशेषतः रक्ताचे नमुने गोठवून पुढील संशोधनासाठी ठेवण्याविषयीचा परिच्छेद. ज्याला वाचता येत नाही त्याला ते सगळे वाचून दाखवायचे, अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार शेजारी ठेवायचा आणि मग अंगठा घ्यायचा, अशी पद्धत आहे आणि ती तेथे पाळली जात होती. पत्रके मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन भाषांत होती. माझ्या समोर तांड्यावरून आलेल्या एका वृद्ध बाईंना केवळ गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, कळत होती. त्यांना समजावून सांगू शकणारा नातू बरोबर आला नव्हता, म्हणून त्यांना पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन येण्यास सांगितले. न कळता अंगठा घेतला नाही याबद्दल समन्वयक बाईंविषयी मला आदरच वाटला. त्या आजी पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत, हे मला नंतर कळले.

त्यानंतर पाच मिनिटे शांत बसवून, मिनिटामिनिटाच्या अंतराने तीनदा रक्तदाब मोजला. उंची, वजन, कंबर, रक्ताच्या पाच नळ्या, सकाळची लघवी. प्रश्नावली दीड तास चालली. शिक्षण, घरातील उत्पन्न, पिण्याचे पाणी कोठून येते, मिश्री लावता का, जडीबुटी किंवा वैदूचे औषध घेतले आहे का, अंगदुखीच्या गोळ्या किती घेता. या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘क्वचित’ असे होते. उत्तर देताना मला त्या मुलाची आई आठवत होती. फडावर कंबर धरली की किराणा दुकानातून आणलेल्या गोळ्या बायका रोज घेतात, आणि त्यातील बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडांना बाधक असतात. ज्या प्रश्नाला सर्वाधिक सांगण्यासारखे उत्तर तिच्याकडे होते, तो प्रश्न त्या दिवशी मला विचारला जात होता.

परतीच्या एसटीत मला शाळेचा हजेरीपट आठवत राहिला. आमच्या शाळेत दसऱ्यानंतर तिसरी-चौथीच्या वर्गातील काही मुले आई-बापाबरोबर फडावर जातात. हंगामी वसतिगृहे निघाल्यापासून बरीच मुले गावात राहू लागली आहेत, तरी सगळी राहत नाहीत. डिसेंबरमध्ये चाचणी झाली की मी वर्गाची सरासरी काढून केंद्रप्रमुखांकडे पाठवते, आणि ती सरासरी सप्टेंबरच्या सरासरीपेक्षा हमखास चांगली येते. मी अधिक चांगले शिकवलेले नसते. ज्यांचे वाचन कच्चे आहे, ज्यांची शाळा दरवर्षी अर्ध्यावर सुटते, ती मुले त्या दिवशी वर्गात नसतात, एवढेच. मी कोणतीही बेरीज चुकलेली नसते, कोणाचे गुण वाढवलेले नसतात, आणि तरीही त्या आकड्यावरून माझ्या वर्गाविषयी जे मत बनते ते चुकीचे असते. एकोणतीस वर्षे मी हे पाहत आले होते, म्हणूनच बहुधा रुग्णालयाच्या त्या यादीत काय घडत आहे ते मला लवकर दिसले.

सहा महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, माझी दुसरी भेट होती. त्या मुलाची आई पाडव्यानंतर परतली होती. तिला मी मुद्दाम बरोबर नेले. या वेळी क्रिएटिनिन १.५ निघाले आणि जीएफआरचा अंदाज चव्वेचाळीसपर्यंत उतरला होता. आजार जुनाट असल्याचे आता सिद्ध झाले होते, आणि वय, जीएफआर, लघवीतील प्रथिने अशा सर्व अटींत ती बसत होती. तरीही नोंदणी झाली नाही. दर सहा महिन्यांनी येण्याची हमी देता आली पाहिजे, ही अभ्यासाची आणखी एक अट होती, आणि तिची पुढची भेट नोव्हेंबरमध्ये पडत होती. औषधे लिहून दिली, पथ्य सांगितले, योजनेची कागदपत्रे समजावली, उपचारात काहीही कमी केले नाही. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, “बाई, माझं नाव कामून न्हाई घेतलं? माझं दुखणं खरं न्हाई का?”

मला तिला नीट उत्तर देता आले नाही. मी पुन्हा आत जाऊन तोच प्रश्न डॉक्टरांना माझ्या शब्दांत विचारला. त्यांनी तो टाळला नाही. बाह्यरुग्ण विभाग संपल्यावर पाऊण तास ते माझ्याशी बोलले, आणि पुढेही प्रत्येक भेटीत मी प्रश्न लिहून नेत गेले.

त्यांचे पहिले म्हणणे असे की प्रत्येक अटीला कारण असते. मध्येच निघून जाणारे सहभागी जास्त झाले तर अभ्यासाचा निष्कर्षच डळमळतो. डायलिसिसवर गेलेल्यांना घेत नाहीत, कारण आजार कसा वाढत जातो हे पाहायचे असते आणि त्यांचा तो प्रवास संपलेला असतो. सत्तरीच्या पुढच्यांना घेत नाहीत, कारण त्यांना इतर आजार फार असतात. हे मला पटले, आजही पटते. अडचण एकेका अटीत नसून त्यांच्या बेरजेत आहे. वयाने, अंतराने, भाषेने, स्थलांतराने आणि आजाराच्या टप्प्याने एकेक माणूस बाजूला होत गेला की मागे उरतात त्यांच्यात माझ्यासारखे पुष्कळ असतात: पगार किंवा निवृत्तिवेतन असलेले, शहरापर्यंत येऊ शकणारे, फोन उचलणारे आणि बारा पानी पत्रक वाचून सही करणारे.

आजाराच्या टप्प्याविषयी त्यांनी जे सांगितले त्याने मी अधिक अस्वस्थ झाले. भारतातील मूत्रपिंडविकारांच्या नोंदणीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२,२७३ प्रौढ रुग्ण होते, आणि त्यांपैकी सुमारे ४८ टक्के रुग्ण नोंद झाली तेव्हाच पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात होते. कारण न सापडलेल्या आजाराचे रुग्ण त्यात वयाने लहान, अधिक गरीब आणि अधिक उशिरा आलेले होते. आता ज्या अभ्यासात जीएफआर पंधराच्या वर असलेल्यांनाच, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या आधीच्यांनाच, घेतात, त्यात हे निम्मे लोक येणार कसे? ते बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत कधी उभेच राहत नाहीत. दम लागून, शुद्ध हरपत असताना त्यांना अपघात विभागात आणले जाते आणि त्याच रात्री मानेतून नळी घालून डायलिसिस करावे लागते. आमच्या गावातील एका तरुण ट्रॅक्टरचालकाचे असेच झाले. त्याचा आजार दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या टप्प्यातून गेलाच असेल, पण त्या वाटेची नोंद कोणत्याही वहीत नाही.

देशातील अकरा केंद्रांवर चाललेल्या मोठ्या भारतीय अभ्यासाविषयीही मी विचारले. त्यातील ४,०५६ सहभागींचे सरासरी वय पन्नासच्या आसपास आहे आणि सुमारे दोन तृतीयांश सहभागी ग्रामीण भागातील आहेत, हे ऐकून मला बरे वाटले. त्याच वेळी त्यात पुरुषही सुमारे दोन तृतीयांश आहेत. जगभरात हा आजार बायकांत पुरुषांपेक्षा थोडा अधिक आढळतो, हे डॉक्टरांनी मला आधी सांगितले होते. मग बायका कोठे मागे राहतात, याचे उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही. त्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या बायकांपैकी एकट्या आलेल्या फारच थोड्या होत्या, आणि बरोबर येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते म्हणून पुढच्या तारखेला न येणाऱ्या बायका मी गावात रोज पाहते.

मी जी उपचारपद्धती घेते ती कोणावर पारखलेली आहे, हे विचारण्याची मला तेव्हापासून सवय लागली. मी घेते त्या डापाग्लिफ्लोझिन या गोळीचा मूत्रपिंडाच्या आजारावरील मुख्य अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २१ देशांतील ४,३०४ जण होते आणि भारतही त्यात होता. माझा जीएफआर, माझी लघवीतील प्रथिने, माझा मधुमेह त्या अभ्यासाच्या चौकटीत बसतात, म्हणून ती गोळी मी निश्चिंतपणे घेते. वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचा सल्ला मात्र मुख्यतः ज्या अमेरिकी अभ्यासातून आला, त्यातील ९,३६१ जणांत मधुमेही कोणी घेतलेलेच नव्हते. माझ्या बाबतीत डॉक्टर तो आकडा सावधपणे वापरतात, आणि तो का सावधपणे वापरायचा हे कळल्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. ते असेही म्हणाले की औषधाची तुलना चिठ्ठ्या टाकून केलेल्या दोन गटांत होते, त्यामुळे सहभागी सर्व रुग्णांसारखे नसले तरी औषध काम करते की नाही याचे उत्तर बहुधा खरे ठरते. आजार किती वेगाने वाढतो, किती जणांना डायलिसिस लागेल, सरकारने कोठे किती यंत्रे द्यावीत, या प्रश्नांना मात्र कोण आत आहे आणि कोण बाहेर यावरच उत्तर अवलंबून असते. हा भेद मला पूर्वी ठाऊक नव्हता.

ज्या सूत्राने तिचा त्रेपन्न आणि माझा अडतीस आला, त्या प्रकारच्या सूत्रांचीही हीच कथा आहे. १९९९ मध्ये अशा एका सूत्राचा पाया १,६२८ अमेरिकी रुग्णांवर घातला गेला. आज वापरात असलेली सूत्रे त्याहून पुष्कळ मोठ्या आणि विविध लोकसमूहांवरून काढली आहेत, तरी कमी मांसल, शाकाहारी किंवा अर्धपोटी माणसात ती मूत्रपिंडांची क्षमता खरी आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतात. वर्षातील सहा महिने भाकरी आणि ठेच्यावर ऊस तोडणाऱ्या बाईची खरी क्षमता चव्वेचाळीसपेक्षाही कमी असण्याची शक्यता आहे. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण पुरुषांत, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नसतानाही, मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण मोठे आहे आणि उष्णता, अपुरे पाणी व अतिश्रम यांचा त्यात हात असावा असे तेथील संशोधक मानतात. आमच्या टोळ्यांत तसे काही आहे की नाही, हे त्या टोळ्यांना अभ्यासात घेतल्याशिवाय कसे कळेल?

जुलैमध्ये मी अभ्यासाच्या नैतिकता समितीला पत्र लिहिले. अशा समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची सामान्य व्यक्तीही असते आणि सहभागींना तिच्याशी संपर्क साधता येतो, हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर छापलेले होते. पत्रात मी तक्रार केली नाही. मी तीन विनंत्या केल्या. पहिली, ज्यांना तपासले पण घेतले नाही त्यांची जी नोंदवही ठेवतात, तिच्यात वय आणि लिंगाबरोबर व्यवसाय, भाषा आणि न घेण्याचे कारण स्पष्ट शब्दांत लिहावे. दुसरी, हंगामी स्थलांतर करणाऱ्यांसाठी भेटींचे महिने भाद्रपद आणि वैशाख असे धरावेत. तिसरी, निष्कर्ष छापताना घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांची तुलना छापावी. माझ्या हजेरीपटाची गोष्टही मी त्यात लिहिली होती. समन्वयक बाईंनी मला फोन करून सांगितले की समितीच्या बैठकीत ती मोठ्याने वाचली गेली.

मूळ आराखड्यात बदल करायचा म्हणजे तो पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्याला महिने लागतात. माझी तिसरी भेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली तेव्हा नोंदवहीचे नवे रकाने सुरू झाले होते. त्याच भेटीत मला आणखी एक गोष्ट जाणवली. माझ्याबरोबर नोंदणी झालेल्यांपैकी ओळखीचे झालेले काही चेहरे दिसेनासे झाले होते. एक जण मुलाकडे पुण्याला गेला होता, एकाला डायलिसिस लागले होते, आणि जालना जिल्ह्यातील एक शेतमजूर येणे परवडत नाही म्हणून थांबला होता, कारण प्रवासखर्च मिळत असला तरी बुडालेली मजुरी मिळत नव्हती. आत आलेल्यांतूनही पुन्हा तीच माणसे गळतात. याविषयी मी अद्याप काही लिहिलेले नाही. पुढच्या पत्रात लिहिणार आहे.

भेटींचे महिने बदलण्याची मंजुरी २०२५ च्या फेब्रुवारीत आली. अभ्यासाला हवी होती तेवढी नोंदणी तोवर पूर्ण होऊन नवी नावे घेणे थांबले होते. त्याच केंद्रावर पुढे जो अभ्यास होईल त्यात हे महिने वापरू, असे डॉक्टरांनी मला सांगितले आणि ते तसे करतील असे मला वाटते.

त्या मुलाची आई त्या वर्षीही पाडव्यानंतर परतली. मेमध्ये आम्ही दोघी पुन्हा गेलो. समन्वयक बाईंनी तिला नोंदवही उघडून दाखवली आणि तिच्या नावापुढचे रकाने वाचून दाखवले: स्त्री, वय चव्वेचाळीस, ऊसतोड, मराठी, न घेण्याचे कारण हंगामी स्थलांतर. तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले. मग अंगदुखीच्या गोळ्यांविषयीही यात लिहा, असे ती म्हणाली. तसा रकाना नव्हता, म्हणून बाईंनी ते समासात लिहून घेतले. तिची पुढची तपासणी आता दसऱ्याच्या आधीची ठरवली आहे आणि मुकादमाचा फोन क्रमांक माझ्या वहीत आहे.